भांडी, वाटणी आणि सात मिनिटं: घरातल्या गोष्टीचा ॲनिमेशन लघुपट करताना

२०२३च्या पाडव्याला कागदावर पहिली रेघ, २०२५च्या दिवाळीच्या तोंडावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र. मधल्या काळात तिघांनी नोकऱ्या सांभाळून सात मिनिटांचा हाती काढलेला टूडी लघुपट केला. कुटुंबावर ॲनिमेशन करायला निघालेल्यांना पुढचं सगळं उपयोगी पडेल. नुसता एकटा नायक असलेल्या गोष्टीपेक्षा घरच्या गोष्टीचं गणित वेगळं असतं, आणि ते कोणी आधी सांगत नाही.

गोष्ट छोटी आहे. दोन भावांची वाटणी होते, जागा वाटली जाते, भांडी वाटली जातात. आजीच्या हंड्यावर, परातीवर, वाट्यांवर नावं घातलेली आहेत: कोणाच्या लग्नात आलेली, कोणी दिलेली, कोणत्या साली. वाटणीत त्याच भांड्यांवर नवी नावं पडतात. बस्स, एवढंच.

आता गणित. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. हाती काढलेल्या कामात एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे ‘टूज’वर काम करायचं, तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. श्रेयनामावलीचा अर्धा मिनिट वजा केला तर साडेसहा मिनिटं उरली, ३९० सेकंद. म्हणजे सतत हलणाऱ्या एका पात्राची ४,६८० चित्रं. हे एका पात्राचं झालं! घरच्या गोष्टीत चौकटीत एकटं माणूस क्वचित असतं. आमच्याकडे वीस सेकंदांची एक पंगत आहे, पाच जण जेवतायत. सगळे हलले तर वीस गुणिले बारा गुणिले पाच, १,२०० चित्रं. दिवसभर बसलेला माणूस रफमध्ये, म्हणजे कच्च्या रेघांत, दोन-तीन सेकंदांचं काम काढतो, तेही एका पात्राचं. क्लीनअप (कच्च्या रेघा नीट गिरवणं) आणि रंग त्यानंतर, आणि त्याला जवळजवळ तितकाच वेळ पुन्हा लागतो.

म्हणून पटकथा लिहितानाच प्रत्येक प्रसंगासमोर एक आकडा लिहावा: चौकटीत माणसं किती. पैशाचं आणि वेळेचं खरं अंदाजपत्रक तेच. लांबी हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न.

पंगतीचा प्रसंग आम्ही काढून टाकला नाही, कारण तो काढला तर फिल्ममध्ये घर उरत नाही. तो असा सोडवला: एका वेळी एकच माणूस हलतं. आजी भाकरी मोडते तेव्हा बाकीचे चौघे थांबलेले असतात, पण मेल्यासारखे नाहीत. थांबलेल्या पात्राची एकच पोझ तीनदा गिरवायची आणि ती तीन चित्रं आळीपाळीने फिरवायची, की रेघ जरा थरथरत राहते आणि माणूस जिवंत वाटतं. शिवाय अधूनमधून डोळ्यांची उघडझाप, प्रत्येकाची वेगळ्या क्षणी. दोघांची एकदम झाली की प्रेक्षकाला तेवढंच दिसतं. अशा रीतीने ती पंगत तीनेकशे चित्रांत बसली.

पात्रांच्या आराखड्याला घाई करू नये. सगळी मंडळी एका ओळीत, एकाच मापाच्या रेषेवर उभी केलेला तक्ता आधी करावा. मग प्रत्येकाचं समोरून, पाऊण बाजूने, बाजूने आणि मागून. घरच्या गोष्टीत खरा धोका वेगळाच असतो: कोण कोणाचं हेच प्रेक्षकाला कळत नाही. सून कुठली, लेक कुठली? आम्ही आजीचं नाक दोन्ही मुलांना आणि नातवंडांना दिलं, सुनांना दिलं नाही. आजी नऊवारीत, थोरली सून पाचवारीत, धाकटी पंजाबी ड्रेसमध्ये. थोरल्याच्या बिऱ्हाडाला विटकरी रंगाच्या छटा, धाकट्याच्या बिऱ्हाडाला हिरव्या. वाटणीआधीच्या प्रसंगांत दोन्ही रंग मिसळलेले आहेत, नंतर वेगळे होतात. मग सगळ्यांच्या नुसत्या काळ्या सावल्या काढून पाहाव्यात. सावलीतही माणूस ओळखू आलं पाहिजे.

आवाज आधी, चित्र नंतर. हा क्रम उलटा केला तर ओठ कधीच जुळत नाहीत. घरच्या माणसांचे आवाज घ्यायचे ठरवलं असेल तर स्टुडिओची काचेची खोली म्हाताऱ्या माणसाला गप्प करते. घरीच घ्यावं. पंखा बंद, फ्रिज बंद (आणि नंतर तो सुरू करण्याची आठवण म्हणून मोटारसायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी), खिडक्यांवर आणि भिंतीला टेकून गोधड्या. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फटका थेट बसत नाही. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. कोणी काही न बोलता त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिटभर रेकॉर्ड करावी. संवादांमधल्या फटी भरायला तीच लागते, आणि दुसऱ्या दिवशी घेतलेली शांतता जुळत नाही. कागद हातात देऊन वाचायला लावलं की माणूस शाळेतला धडा वाचतो. प्रसंग सांगावा, “धाकटा परात मागतोय, काय म्हणाल?” आणि जे येईल ते घ्यावं. आमच्या पटकथेतली निम्मी वाक्यं अशा वेळी बदलली आणि ती बरी झाली.

ओठांचे आकार सात-आठ पुरतात. तयार मिळणारे तक्ते इंग्रजीसाठी केलेले असतात, ते जसेच्या तसे चालत नाहीत. प, फ, ब, भ, म ला ओठ पूर्ण मिटलेले एक तरी चित्र हवंच. ते चुकलं तर बाकी कितीही नेमकं असो, आवाज डब केल्यासारखा वाटतो. आणि आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी यावा, बरोबर आवाजावर ठेवला तर उशिरा वाटतो. एक गंमत: आजी ‘फणस’ म्हणते तेव्हा तिचे ओठ मिटतात, नातू म्हणतो तेव्हा वरचे दात खालच्या ओठाला लागतात. दोघांना ‘फ’साठी वेगळी तोंडं काढावी लागली. कोणाच्या लक्षात येत नाही, पण नसती तर आली असती.

मग स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटचं एकेक कच्चं चित्र) आणि ॲनिमॅटिक. स्थिर चित्रं आवाजावर लावून सात मिनिटांची कच्ची फिल्म करायची, हा सगळ्या कामाचा कणा. आम्ही यात जवळजवळ चार महिने घातले आणि ते कमी वाटले. ॲनिमॅटिक गोष्ट माहीत नसलेल्यांना दाखवावं आणि “आवडलं का?” विचारू नये. “यातली थोरली सून कोणती? परात शेवटी कोणाकडे गेली?” असं विचारावं. उत्तर चुकलं की चित्र चुकलं. इथे काढून टाकलेला शॉट फुकटात जातो, रंग भरल्यावर काढून टाकलेला शॉट म्हणजे आठवडाभराची मेहनत गेली. शॉटना क्रमांक दहाच्या पटीत द्यावेत, दहा, वीस, तीस, म्हणजे मध्ये नवा शॉट घालता येतो. फाइलच्या नावात देवनागरी अक्षरं आणि मोकळी जागा टाळावी, काही सॉफ्टवेअर तिथे अडतात. आणि पहिल्याच दिवशी प्रोजेक्ट २४ फ्रेमवर आहे ना ते पाहावं. एकाच्या संगणकावर २५ आणि दुसऱ्याच्या २४ असेल तर सात मिनिटांत जवळपास सतरा सेकंदांची तफावत पडते. सुरुवातीला ती कळत नाही, शेवटच्या शॉटला आजीचं तोंड मिटून जातं आणि आवाज मागून येतो.

सॉफ्टवेअर फुकटातलं पुरतं. रेखाटनाला क्रिटा, ॲनिमेशनला ओपनटून्झ किंवा ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल, संपादनाला आणि रंगदुरुस्तीला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. पेन टॅबलेट साधाच घेतला तरी चालतो, निबं मात्र जास्तीची घेऊन ठेवावीत, झिजतात. पैसे वाचवायची जागा बॅकअप नव्हे: दोन वेगवेगळ्या हार्डडिस्क, एक तिसरी प्रत दुसऱ्या घरी.

प्रत्यक्ष ॲनिमेशनमध्ये दोन गोष्टी हमखास त्रास देतात. एक, कॅमेरा सरकतोय आणि त्यात माणूस चालतोय. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते, माणूस दर दुसऱ्या फ्रेमला, त्यामुळे तो थरथरतो आणि पाय घसरतात. अशा शॉटमध्ये चालणं ‘वन्स’वर, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं, करावंच लागतं. म्हणून असे शॉट मोजकेच ठेवावेत. दुसरी गोष्ट भांडी. स्टीलच्या गोल भांड्यावर पडलेलं प्रतिबिंब हलवायला घेतलं की संपतच नाही. आम्ही प्रतिबिंब दोन सपाट पट्ट्यांवर आणलं, एक उजळ, एक गडद, आणि भांडं हललं तरच त्या हलवल्या.

नाव घालण्याचा शॉट मात्र मन लावून केला. भांड्यांच्या दुकानाबाहेर बसणारे कारागीर सुईच्या टोकाचं विजेवरचं यंत्र धरतात. अक्षर रेघेने उमटत नाही, बारीक ठिपक्यांनी उमटतं. हात टेकलेला असतो, करंगळी भांड्याच्या काठावर, आणि भांडंच दुसऱ्या हाताने फिरवलं जातं. हे जवळून पाहिल्याशिवाय काढता येत नाही, कारण आपण डोळ्यासमोर आणतो तो लिहिणारा हात असतो, आणि खरा हात जवळजवळ स्थिर असतो. तंत्र सोपं: पूर्ण नाव आधी ठिपक्यांत काढून घ्यायचं, मग शेवटच्या ठिपक्यापासून एकेक पुसत मागे यायचं आणि ती चित्रं उलट क्रमाने चालवायची. अक्षरं भांड्याच्या गोलाईवर वाकवायची राहिली तर ती कागदावर लिहून चिकटवल्यासारखी दिसतात. आवाज खऱ्या यंत्राचाच घ्यावा. पितळेवर तो खालच्या पट्टीत घुमतो, स्टीलवर किरकिरतो, आणि भांडं रिकामं असेल तर जास्तच. मजकूरही खराच: ‘यांजकडून सप्रेम भेट’ आणि तारीख.

आजोबांच्या हातात पहिल्या आराखड्यात बिडी होती, ॲनिमॅटिकमध्येच ती गेली. तंबाखू दिसली की नियमानुसार सुरुवातीला आणि मध्यावर किमान ३० सेकंदांचे आरोग्य संदेश, शिवाय दोन्ही ठिकाणी किमान २० सेकंदांचा इशारा, आणि बिडी दिसेल तितका वेळ खाली ठळक पट्टी. सात मिनिटांच्या फिल्मला एक मिनिट चाळीस सेकंदांचा उपदेश! आजोबांना अडकित्ता आणि सुपारी दिली. आवाजही छान मिळाला.

कागदपत्रांचं काम फिल्म संपल्यावर करायचं असतं, असा एक गोड समज आहे. उलट आहे. तिघांतला करार पहिल्या महिन्यात करावा: निर्माता म्हणून नाव कोणाचं, पात्रांच्या आराखड्यांचे हक्क कोणाचे, बक्षिसाची रक्कम आली तर कशी वाटायची, मध्येच कोणी सोडून गेलं तर त्याचं नाव श्रेयनामावलीत कसं राहील. ‘मित्रच आहोत’ हे कारण पुरेसं नाही. वाटणीवर फिल्म करणाऱ्यांनी तरी निदान हे करावं. आम्ही केला तेव्हा शंभराचा मुद्रांक चालला, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्याजागी पाचशेचा लागतो. ज्यांचे आवाज घेतले त्या प्रत्येकाचं संमतिपत्र, घरचं माणूस असलं तरी. गोष्ट खऱ्या नातलगावरून सुचली असेल आणि ते ओळखू येणार असतील, तर त्यांना ॲनिमॅटिक दाखवून लेखी होकार घ्यावा. पूर्ण झालेली फिल्म दाखवून होकार मागणं म्हणजे त्यांना नाही म्हणायची सोय न ठेवणं.

संगीताचं असंच. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण आपल्या कानात बसलेली चाल कोणा संगीतकाराची असते आणि ध्वनिमुद्रण कोणा कंपनीचं. संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत चालीवर हक्क राहतो, ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षं. आम्ही जात्यावरची पारंपरिक ओवी घेतली, ती स्वतः ध्वनिमुद्रित केली, गाणाऱ्या बाईंना मानधन दिलं आणि संमती घेतली. ओवी पारंपरिक असली तरी गायलेल्या गाण्यावर गाणाऱ्याचे हक्क असतात. गाणाऱ्या बाईंचं हे संमतिपत्र पुढे प्रत्येक महोत्सवाच्या अर्जात विचारलं गेलं.

सगळ्यात जड खर्च साउंड मिक्सचा. चित्रं स्वतःच्या हाताने निघतात, मिक्सला चांगली खोली आणि चांगले कान लागतात. तिथे आधी फिल्मचा लॉक झालेला, म्हणजे यापुढे न बदलणारा, कट, संवाद, पार्श्वध्वनी, फोली (पावलं, भांडी असे चित्राबरहुकूम वेगळे घेतलेले आवाज) आणि संगीत वेगवेगळ्या फाइलींत, सगळ्या एकाच शून्य बिंदूपासून सुरू होणाऱ्या, असं नेलं की निम्मे तास वाचतात. कट लॉक न करता जाऊ नये. एक शॉट अर्धा सेकंदाने हलला तरी मिक्स पुन्हा.

थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, हा चित्रपटगृहात चालणाऱ्या फाइलींचा संच लागतो. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर तो घरच्या संगणकावर करून देतं. फ्लॅट प्रकारची चौकट १९९८ बाय १०८० पिक्सेलची असते. आपण सवयीने १९२० रुंदीवर काम केलेलं असतं, म्हणून दोन्ही बाजूंना ३९-३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. पहिल्या दिवशीच १९९८ वर काम सुरू केलं तर हा प्रश्नच येत नाही. कमाल बिटरेटला (दर सेकंदाला साठवला जाणारा डेटा) सात मिनिटांचा डीसीपी १३ जीबीच्या आसपास जातो, सपाट रंगांच्या फिल्मला त्याच्या निम्म्यातही चालतं. डीसीपीच्या फोल्डरमधल्या एकाही फाइलचं नाव बदलू नये, चित्रपटगृहातला सर्व्हर ती उचलत नाही. संवाद मधल्या चॅनेलवर ठेवावा. नुसत्या स्टीरिओ मिक्समध्ये तो डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतो आणि कडेला बसलेल्यांना आजी भिंतीत बोलतेय असं वाटतं. शक्य असेल तर एखाद्या चित्रपटगृहाला सकाळचा पहिला खेळ सुरू होण्याआधी दहा मिनिटं मागून चाचणी करावी. मॉनिटरवर सुरेख दिसणारा कंदिलाच्या उजेडातला माजघराचा प्रसंग पडद्यावर काळाकुट्ट निघतो. तो उजळून पुन्हा डीसीपी करावा लागतो.

श्रेयनामावलीची जोडाक्षरं हा वेगळा अध्याय. ॲनिमेशनच्या काही सॉफ्टवेअरांत देवनागरी टाइप केलं की वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘कुऱ्हाडे’, ‘क्षीरसागर’ अशी आडनावं फुटतात. नावं इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून चित्र म्हणून आणावीत. प्रत्येकाला स्वतःचं नाव पाठवून तपासून घ्यावं.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र कशाला हवं, ते आधी ठरवावं. यूट्यूबला लागत नाही. महोत्सवातल्या खेळांसाठी महोत्सव बहुधा केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. थिएटरात लावायचं असेल किंवा राष्ट्रीय पुरस्कारांना पाठवायचं असेल तर मात्र हवंच, आणि पुरस्काराला प्रमाणपत्राची तारीख त्या कॅलेंडर वर्षातली लागते. डिसेंबरअखेर आलेलं प्रमाणपत्र आणि जानेवारीत आलेलं, यात एक अख्खं वर्ष सरकतं. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर, निर्मात्याच्या नावाने. आपल्या करारात निर्माता कोण ते इथे उपयोगी येतं. कथासार, पूर्ण संवाद, ओवीचे शब्द, श्रेयनामावली आणि मिनिट-सेकंदांत नेमकी लांबी तयार ठेवावी. अर्जातली लांबी आणि प्रत्यक्ष फाइलची लांबी सेकंदाने जरी वेगळी निघाली तरी अर्ज परत येऊ शकतो. श्रेयनामावलीत एक नाव वाढवलं की लांबी बदलते, हे ध्यानात ठेवावं. २०२४च्या नियमांपासून यूए गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत. आम्ही अर्ज ऑगस्टमध्ये केला, यू मागितलं, ऑक्टोबरमध्ये यू मिळालं. मधला काळ मोबाईलवर सारखा संदेश पाहण्यात गेला, आणि त्यावर काही उपाय नाही. २०२३च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत राहिलेली नाही, एवढं एक सुख.

महोत्सवांसाठी आधी यादी, मग पैसे. परदेशी संकेतस्थळांवरची प्रवेश फी डॉलरमध्ये असते, त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. लवकरची मुदत आणि शेवटची मुदत यांत फी कधी कधी दुप्पट होते. नाव चकचकीत पण प्रत्यक्ष खेळच होत नाहीत, असे ‘दर महिन्याचे’ महोत्सव बरेच आहेत. मागच्या वर्षी कुठल्या पडद्यावर काय दाखवलं ते पाहूनच फी भरावी. मुंबईचा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, मिफ, १९९० पासून सुरू आहे आणि दोन वर्षांतून एकदा भरतो. त्याची सायकल आपल्या वेळापत्रकात आधीच मांडावी. अनेक ठिकाणी आधी जाहीरपणे ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून तोवर लिंक पासवर्डमागे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल टाकू नये, ती तासाभरात तालुक्याला पोचते.

ज्यांनी आवाज दिले त्यांना घरी जाऊन लॅपटॉपवर फिल्म दाखवावी, आणि करारात लिहिलेल्या तारखेनंतरच ती सगळ्यांसाठी खुली करावी. मूळ प्रोजेक्ट फाइली, वापरलेले फाँट आणि संमतिपत्रांच्या स्कॅन प्रती एकाच फोल्डरमध्ये, तिघांकडेही. निवड झाल्यावर महोत्सव पोस्टर, दोन-तीन स्थिरचित्रं, इंग्रजी उपशीर्षकांची वेगळी फाइल आणि दिग्दर्शकाचं छायाचित्र चोवीस तासांत मागतात, तेही त्याच फोल्डरमध्ये आधीपासून असावं.